एक गाठ बॅटरीची, दोन दिव्याच्या

अंधारातून प्रकाशाकडे जाणं हेच मानवी जीवनाचं सार आहे, असं मी आजवर ऐकलेल्या जवळजवळ प्रत्येक अध्यक्षीय भाषणात सांगितलं गेलं, आणि नोकरीमुळे मला अशी भाषणं पुष्कळ ऐकावी लागली. माझा त्या विधानाला विरोध नाही. फक्त ज्या प्रकाशाशी माझी घरची ओळख होती तो मोटारीच्या छताला बसवलेला, तळहाताएवढा आणि पिवळट असायचा. अंधारातून त्याच्याकडे जायचं म्हणजे दार उघडायचं. दार उघडलं की चौकटीतलं एक छोटं बटण बाहेर येतं आणि दिवा लागतो. दार लावलं की बटण दबतं आणि दिवा विझतो. सार एवढंच. ते बटण अडकलं की दिवा रात्रभर जळत राहतो आणि सकाळी चार माणसं बोलावून गाडी ढकलावी लागते, हे मात्र अध्यक्ष सांगत नाहीत.

आमचं घर शिरूरला, नगर रस्त्याच्या कडेला होतं. पुढे पत्र्याचं दुकान, मागे दोन खोल्या आणि मधे एक पडदा, जो मुळात कुठल्यातरी गाडीच्या छताचं अस्तर म्हणून कापला गेला होता आणि मापात चुकला होता. माझे अब्बा, लतीफ मिस्त्री, मोटारींचं वायरिंग करायचे. अम्मी दुकानाच्याच एका कोपऱ्यात मशीनवर सीटांची कव्हरं आणि छताची अस्तरं शिवायची. आतल्या दिव्याची वायर छताच्या पत्र्याला धरून, अस्तराच्या वरून जाते, त्यामुळे दिव्याचं काम निघालं की आधी अम्मीनं अस्तर उसवायचं, मग अब्बांनी वायर टाकायची आणि मग अम्मीनं पुन्हा शिवायचं. त्यांची जी काही भांडणं मी ऐकली ती बहुतेक सगळी या क्रमावरून झाली. अब्बा म्हणायचे, थोडंच उसव, मी वायर सरकवतो. अम्मी म्हणायची, थोडं उसवलेलं मला शिवता येत नाही, पूर्ण काढा नाहीतर हात लावू नका. घरात आम्ही दखनी बोलायचो, दुकानात मराठी आणि भांडताना दोन्ही. इथे मी सगळं मराठीत लिहिते आहे, त्यात अम्मीचा थोडा धारदारपणा सांडणार, त्याला इलाज नाही.

मशीनचा आवाज आणि हॉर्नचा आवाज यांवर आमचा दिवस चालायचा. हॉर्न तपासताना अब्बा अर्धा क्षणच वाजवायचे, कारण मोठा वाजला की अम्मी दचकायची आणि शिवण तिरकी जायची. रस्त्यावर ट्रक चालूच असायचे. ते थांबले की उलट आम्ही मान वर करून बघायचो, काय झालं म्हणून. दुपारी मशीन बंद झालं की लसणाच्या फोडणीचा वास पडद्यातून पुढे यायचा. अंबाडीची भाजी, वरून तेल-लसूण, सोबत बाजरीची भाकरी. गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर जेवणाच्या वेळी दुकानात असला तर त्यालाही ताट मिळायचं, आणि पुष्कळ ड्रायव्हरांच्या गाड्या नेमक्या त्याच वेळेला बिघडायच्या. भाजी आणायला अब्बांना पाठवायचं नाही असा नियम होता. पाठवलंच, तर ते निम्मे कच्चे टोमॅटो घेऊन यायचे. अम्मी काही न बोलता त्यांची चटणी करायची, तीळ-लसूण घालून, आणि ती इतकी चांगली व्हायची की मला वाटायचं ते मुद्दामच कच्चे आणतात.

अब्बांचं वायरिंग लांबूनही ओळखू यायचं, कारण त्यात रंगांचा काहीच मेळ नसायचा. बॅटरीकडून येणारी वायर एका गाडीत लाल, दुसरीत हिरवी, तिसरीत अर्धी लाल आणि पुढे जोडलेली तपकिरी. मेळ होता तो गाठींचा. प्रत्येक वायरीच्या टोकापासून चार बोटांवर ते सैलशी गाठ मारत. एक गाठ म्हणजे बॅटरीकडून आलेली. दोन गाठी दिव्याकडे जाणारी. तीन गाठी दाराच्या बटणाची. अस्तराच्या आत, जिथे डोळ्यांना काही दिसत नाही, तिथे बोटांनी चाचपून ती वायर सांगता यायची. माझी बोटं बारीक म्हणून ते काम माझ्याकडे होतं. मला अक्षरं आणि गाठी साधारण एकाच सुमाराला आल्या. गाठी थोड्या आधी. जगभर असंच करतात अशी माझी समजूत होती. ड्रायव्हर मंडळींची समजूत आणखी पुढची होती. त्यांच्यात असं बोललं जायचं की लतीफ मिस्त्री गाठ मारताना काहीतरी पुटपुटतात आणि मग त्या गाडीला अपघात होत नाही. एकानं तर स्टिअरिंगलाच एक गाठ मारून द्या म्हणून हट्ट धरला होता. अब्बांनी या गोष्टीचा कधी इन्कार केला नाही आणि दुजोराही दिला नाही. ते खरोखरच पुटपुटायचे, पण ते मला उद्देशून “रेहाना, पक्कड” असं असायचं.

अब्बांचं मूळ घर दौंडचं. तिथे आजोबा रेल्वेत होते, अब्बांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही मोठे अब्बा म्हणायचो, तेही रेल्वेत होते, आणि शेजारपाजार सगळा रेल्वेतच होता. ईदेला आम्ही एसटीनं न्हावरे, चौफुला करत दौंडला जायचो. जेवणं झाली की मोठे अब्बा पाय पसरून बसायचे आणि दरवर्षी तेच म्हणायचे, “आमच्या लतीफला सिग्नलपेक्षा इंडिकेटर जास्त आवडले.” सगळे हसायचे. गोष्ट अशी सांगितली जायची की अब्बांना रेल्वेत लागायचं पत्र आलं होतं, ते तपासणीला म्हणून घरातून निघाले आणि परत न येता थेट शिरूरला एका गॅरेजात जाऊन राहिले. कष्टाला भ्यायला, असं मोठे अब्बा म्हणत. अब्बा शीरखुर्म्याच्या वाटीत बघत राहायचे. अम्मी त्या वेळी हमखास उठून आत जायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची.

मी अकरावीत होते तेव्हा आमच्याकडे चेअरमनांची गाडी आली. चेअरमन न्हावऱ्याच्या बाजूचे, डेअरीचे. जमीन भरपूर, आवाज मोठा आणि स्वभाव, आता एवढ्या वर्षांनी न्याय करायचा तर, वाईट नव्हता. फक्त आपण कुठे जातो आहोत यापेक्षा जाताना कसे दिसतो आहोत याची त्यांना जास्त काळजी असायची. त्यांनी जुनी पांढरी मोटार घेऊन नव्यानं रंगवून घेतली होती. डेअरीची निवडणूक जवळ आली होती आणि ते रोज दिवेलागणीनंतर गावोगाव फिरत.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “बाहेर अंधार, आत अंधार. लोकांना कळायचं कसं कोण आलंय ते? आतून लख्ख उजेड पाहिजे. वरातीत नवरा दिसतो ना गाडीत, तसं.”

अब्बा म्हणाले, “वरातीची गाडी पायी चालणाऱ्यांच्या मागं चालते, साहेब.”

“मग?”

“काही नाही. करून देतो.”

करून देण्यामागे कारण होतं. डेअरीच्या सगळ्या टेम्पोंचं वायरिंग यापुढे आमच्याकडे द्यायचं चेअरमनांनी कबूल केलं होतं, आणि रस्त्यावर दोन नवी दुकानं उघडलेली असताना ते काम म्हणजे घराचा टेकू होता. अम्मीनं अस्तर पूर्ण उतरवलं. छताच्या मधे एक आणि मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंना एक एक असे तीन दिवे बसवले. चेअरमनांच्या उजव्या हाताशी एक खटका दिला, म्हणजे गाव आलं की त्यांनी स्वतः उजळायचं. त्यासाठी वेगळा फ्यूज, तो डॅशबोर्डच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याशी. पहिल्यांदा खटका दाबला तर काहीच झालं नाही. आतला दिवा लागत नसेल तर अब्बांचा क्रम ठरलेला होता: आधी बल्ब, मग फ्यूज, मग अर्थ. मोटारीत परतीची वायर नसते, गाडीचा पत्राच परतीचं काम करतो; दिव्याचा स्क्रू कोऱ्या पत्र्याला टेकला तरच वाट पूर्ण होते. रंगाऱ्यानं हौसेनं भोकांच्या आतूनसुद्धा रंग मारला होता. अब्बांनी मला कानस दिली, मी तीन ठिकाणी रंग खरवडला आणि दिवे लागले. आत बसलेले चेअरमन हलवायाच्या काचेच्या कपाटातल्या मिठाईसारखे दिसत होते. ते खूश होऊन गेले. (पुढे मी आयटीआयत तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं. आजकालच्या गाड्यांचे दिवे आपोआप मंद होतात, रंग बदलतात आणि बिघडले तर लॅपटॉप लावून विचारावं लागतं. माझ्या भाचीच्या गाडीतला दिवा परवा असाच लागत नव्हता. कंपनीच्या माणसानं तासभर लॅपटॉपला विचारलं आणि शेवटी एक स्क्रू आवळला.)

तिसऱ्या दिवशी चेअरमनांचा ड्रायव्हर गाडी घेऊन परत आला. त्यांना आम्ही बबनमामा म्हणायचो. पन्नाशीचे, शिडशिडीत, कायम डोळे बारीक करून बघणारे.

“मिस्त्री, दिवा जातोय.”

“कधी जातो?”

“न्हावऱ्याच्या फुडं.”

“आणि परत कधी येतो?”

बबनमामांनी जरा विचार केला. “येतो. घरी आलो की येतो.”

अब्बांनी गाडी आत घेतली. दिवे लख्ख लागले. अब्बांनी बॉनेट धरून गाडी हलवली, मी आत उताणी पडून अस्तर दाबत राहिले, अम्मीनं चारही दारं आळीपाळीनं आपटली. दिवे विझले नाहीत. तरी अब्बांनी फ्यूज बदलला, अर्थचे स्क्रू काढून पुन्हा घासले. तोवर अम्मीनं बबनमामांना चहा दिला. ते बशीत ओतून म्हणाले, “एक सांगू का वहिनी, तो दिवा न्हाई तेच बरं हाय. लोक हात जोडत्यात, सायबास्नी वाटतंय रामराम घालत्यात. परवा एका वस्तीवर म्हातारी आडवी आली, म्हनली, कुनाला न्हेताय दवाखान्यात? तेवढ्यात सायबांनी हात हलवला. तर म्हनली, अजून शुद्ध हाय, बरं झालं.”

त्या काळी आतून उजळलेली गाडी आमच्याकडे एकाच कामासाठी धावायची, हे चेअरमनांच्या लक्षात आलं नव्हतं. अम्मी पदर तोंडाला लावून हसत होती. अब्बा हसले नाहीत. त्यांचं डोकं गाडीच्या आत होतं.

गाडी त्या आठवड्यात आणखी दोनदा आली. प्रत्येक वेळी तेच: न्हावऱ्याच्या पुढे दिवा जातो, घरी येतो. अब्बांनी खटका बदलला. एकदा सगळी वायर काढून नव्यानं टाकली आणि अम्मीनं एका अक्षरानंही कुरकुर न करता अस्तर तिसऱ्यांदा शिवलं, यावरून मला परिस्थितीचा अंदाज आला. अब्बांचं जेवण कमी झालं. दुकानात सापडत नाही आणि रस्त्यावर हमखास होतो, असा बिघाड मिस्त्रीला आजारासारखा लागतो. ते भाकरीचा तुकडा हातात धरून गाठी मोजायचे. एक, दोन, तीन. कुठे चुकलं असेल. चेअरमनांचा निरोप आला होता की आता पुन्हा दिवा गेला तर टेम्पोंचं काम पुण्याच्या माणसाला देऊ.

दिवा पुन्हा गेला. या वेळी तो घरी आल्यावरही लागला नाही, आणि दुपारी स्वतः चेअरमन आले, सोबत त्यांचा पुतण्या सुहास, जो पुण्यात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करत होता आणि सुट्टीला आला होता. दुकानात तेव्हा दोन ट्रकवाले बसलेले होते, बबनमामा गाडीला टेकून उभे होते, आणि अम्मी मशीनवर होती. सुहासनं डॅशबोर्डखालचा पत्रा उघडला, आत डोकं घातलं आणि हसतच बाहेर आला.

“काका, हे बघा काय केलंय. बॅटरीची वायर हिरवी. आणि लाल वायर नेऊन बॉडीला लावलीय. लाल प्लसला, काळी अर्थला, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात.”

“गाठ बघा,” अब्बा म्हणाले. “एक गाठ बॅटरीची. वायर बरोबर आहे.”

“गाठ कसली बघायची? रंग बघायचा असतो.” सुहासनं बाकावरच्या तुकड्यांतून दोन वायरी उचलल्या, एक लाल आणि एक हिरवी, आणि अब्बांच्या समोर धरल्या. त्याला वाटलं तो गंमत करतोय. “सांगा मिस्त्री, यातली लाल कुठली?”

मशीन थांबलं. अब्बांनी फडक्याला हात पुसले. मग पुन्हा पुसले. त्यांनी वायरींकडे पाहिलं, आणि तिथून त्यांची नजर अम्मीकडे गेली, आणि अम्मीनं मान खाली घातली नाही, पण तिचा हात मशीनच्या चाकावर तसाच राहिला. त्या एका नजरेत मला सगळं कळलं. टोमॅटो कळले. त्यांच्या शर्ट-पँटची जोडी रोज अम्मीच काढून का ठेवते ते कळलं. गाठी कळल्या. ज्या गोष्टीला मी अकरा-बारा वर्षं आमच्या धंद्याची रीत समजत होते, ती एका माणसानं आपल्या अडचणीला शोधलेली वाट होती. आणि तोंड उघडून मीच “डावीकडची” म्हणाले तर ते सगळ्या दुकानाला कळेल, हेही त्याच क्षणी कळलं. रंग न दिसणारा वायरमन. एवढे चार शब्द नगर रस्त्यावर एका दिवसात शिरूरपासून कोरेगाव भीमापर्यंत गेले असते. टेम्पो सोडाच, सायकलचा डायनॅमोसुद्धा कुणी आणला नसता.

“सांगा की,” सुहास म्हणाला.

“वायर बरोबर हाय,” असं मागून कुणीतरी म्हणालं. ते बबनमामा होते. गाडीपासून सुटून ते दोन पावलं पुढे आले होते. “सायेब, वायरीला काय झाल्यालं न्हाई. फ्यूज मी काढतो.”

चेअरमन वळले. “काय म्हणालास?”

“न्हावरं सोडलं की काढतो आन् घर आलं की बसवतो.” बबनमामांनी खिशातून पितळी टोकांची काचेची नळी काढून दाखवली. आदल्या संध्याकाळी ती परत बसवायची राहून गेली होती. दुपारी दिवा लागत नव्हता तो त्यामुळे. “तुमचा दिवा लागला की म्होरल्या काचेत मला रस्ता दिसत न्हाई. माझंच त्वांड दिसतंय. उसाच्या ट्रॉल्या चालू हायती. मागं दिवा न्हाई, लाल फडकं न्हाई, काय न्हाई. सोमवारी एक ट्रॉली मला दिसली तवा लई उशीर झाल्याला.”

“किती अंतरावर?” चेअरमनांनी विचारलं.

बबनमामांनी इकडे तिकडे पाहिलं. “आता तुम्ही हितं हाय ना, आन् वहिनींची मशीन तिथं. तितकी ऱ्हायली.”

चेअरमनांनी मशीनकडे पाहिलं. अंतर चार हातांचं होतं. ते अम्मीच्या कापडांच्या ढिगावर बसले. “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही दुसरा डायवर बघितला असता.”

ते खरं होतं. बबनमामांच्या घरी खाणारी सहा तोंडं होती आणि त्यांना दुसरं काही येत नव्हतं. मागच्या तीन खेपांत ते बोलले नव्हते आणि त्या दुपारीही नसते बोलले तर कुणाला कळलं नसतं. नळी हळूच बसवून टाकायला त्यांना एक क्षण पुरला असता. मी आयुष्यात शौर्याबद्दल बरंच वाचलं आहे. त्यातलं बहुतेक घोड्यावर बसून केलेलं आहे. त्या मानानं फाटक्या खिशातून फ्यूज काढून दाखवणं दिसायला किरकोळ वाटतं.

सुहास अजून दोन्ही वायरी हातात धरून उभा होता. अम्मी उठली आणि त्याच्या पुढे हात केला. “त्या द्या इकडं. मापानं कापलेल्या असतात.” त्यानं दिल्या. तो प्रश्न तिथे संपला. पुन्हा कुणी विचारला नाही.

स्वतःच्या जिवाचा हिशेब बहुधा पुरा झाल्यावर चेअरमन म्हणाले, “मिस्त्री, गाडी उभी असेल तेव्हाच लागेल असं होतं का काही?”

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. ते मला पहिल्यांदाच असं विचारत होते, पक्कड दे म्हणून नाही. मी म्हणाले, दाराचं जुनं बटण हँडब्रेकच्या दांड्याखाली बसवू. हँडब्रेक ओढला की बटण सुटेल आणि दिव्याची वाट पूर्ण होईल. हँडब्रेक सोडला की दिवा बंद. चालत्या गाडीत लागणारच नाही, खटका कितीही दाबा. सुहास म्हणाला, होईल. आणि मग, हे त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे, शर्टाच्या बाह्या सारून माझ्या हाताखाली तासभर काम केलं. जाताना त्यानं गाठी कशा मोजायच्या ते विचारून घेतलं. बबनमामा ड्रायव्हरच राहिले. चेअरमन गावात पोचले की गाडी थांबवून, हँडब्रेक ओढून आत उजळून बसू लागले, आणि पेशंट बघायला म्हणून का होईना, गर्दी पूर्वीपेक्षा जास्त जमू लागली. टेम्पो आमच्याकडे आले. अम्मीनं बबनमामांना छताच्या उरलेल्या अस्तरातून बसायला जाड गादी शिवून दिली. गाड्या बदलल्या तरी ती गादी ते घेऊन फिरत.

त्या संध्याकाळी जेवताना अब्बांनी आपणहून सांगितलं. ताटात पाहत, फारसा आवाज न चढवता, जणू गाडीचं दुखणं सांगतायत. रेल्वेच्या तपासणीला डॉक्टरनं त्यांच्यापुढे एक पुस्तक ठेवलं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं वर्तुळ. यात आकडा कोणता, असं विचारलं. अब्बांना ठिपके दिसले. डॉक्टर पान उलटत गेला, अब्बा ठिपके बघत गेले. डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. बाहेर आल्यावर घरी काय सांगायचं ते त्यांना सुचेना. वडिलांनी आयुष्य सिग्नलांखाली काढलेलं. त्यांना सांगायचं की मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही? स्टँडवर शिरूरची गाडी उभी होती, तिच्यात ते बसले. कष्टाला भ्यायला हे ऐकून घेणं त्यांना जास्त सोपं वाटलं.

“अम्मीला कधी सांगितलंत?” मी विचारलं.

“सांगितलं नाही,” अम्मी म्हणाली. “लग्नानंतर पहिल्या आठवड्यात यांनी माझ्या हिरव्या साडीला लाल म्हटलं. मी म्हटलं असेल.”

मी अब्बांच्या ताटात भाजी वाढली. आभार मानायची आमच्या घरात पद्धत नव्हती, नाहीतर त्या संध्याकाळी मला बऱ्याच जणांचे मानायचे होते. मला जे येतं ते सगळं या दोघांनी एकमेकांना सांभाळून घेताना शिकवलं, आणि शिकवतोय असं एकदाही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी मी आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला नाव घातलं. वर्गात मी एकटीच मुलगी होते, आणि अब्बांनी नातेवाइकांच्या विरोधाला जे उत्तर दिलं ते फक्त “तिला येतं” एवढंच होतं.

“एक मात्र आहे,” त्या दिवशी हात धुऊन झाल्यावर अब्बा म्हणाले. “पहिलं पान मी बरोबर वाचलं होतं. बारा. डॉक्टरसुद्धा बरोबर म्हणाला. पुढची पानं जरा घाईनं उलटली त्यानं.”

काही वर्षांनी मला शिकवायची नोकरी लागली, दौंडलाच, आणि रुजू होण्याआधी तपासणीला जावं लागलं. डॉक्टरांनी तेच पुस्तक काढलं. मी सगळे आकडे वाचले. रविवारी शिरूरला गेले तेव्हा अब्बांनी नोकरीचं पत्र बघितलं नाही, पगार विचारला नाही. पहिल्या पानावर काय होतं, असं विचारलं.

“बारा,” मी म्हणाले.

अब्बा अम्मीकडे वळले. “बघ. मी सांगत होतो.” त्यांनी पत्र हातात घेतलं, चष्मा लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचलं. मोठ्या अब्बांकडे दौंडला पेढे घेऊन ते त्या वर्षी एकटेच गेले आणि बराच वेळ बसले.

पहिलं पान कुणाचं चुकतं का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, कुणाचंच चुकत नाही. रंग न ओळखणाऱ्यालाही दिसावं असंच ते छापलेलं असतं.